मारबतीला दिलेलं नाव

मामाजी गेल्याचा फोन आला तेव्हा रेवा मोज्यांवरून रडत होती. मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून एक मोजा तिने कूलरखाली फेकला होता आणि दुसरा दातात धरला होता. कोपऱ्यावर शाळेची गाडी हॉर्न देत होती. मी रात्रपाळी करून नुकताच आलो होतो, डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात आमगावहून मेहुण्याचा फोन आला. वंदनाने, माझ्या बायकोने, तो उचलला, जेमतेम दोन वाक्यं ऐकली आणि ओटा धरून खाली बसली. तिचे वडील चार दिवस राहायला म्हणून गावी गेले होते... झोपेतच गेले. रेवा आईकडे बघत राहिली. मग तिने कूलरखाली हात घालून मोजा काढला, दोन्ही मोजे स्वतःच घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती रडली नाही, हट्ट केला नाही, ताटात पडेल ते खाल्लं. भेटायला येणारे म्हणायचे, पोरगी एकदम शहाणी झाली. मला मात्र त्या शहाणपणाची धास्ती वाटायची. पाच वर्षांचं लेकरू असं शहाणं होत नसतं.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींचं आमगावला दोरखंड, सुतळी, कुदळ-फावड्याचं लहानसं दुकान होतं. सासूबाई गेल्यावर ते तिरोड्याला आमच्याकडे राहायला आले ते एक पेटी आणि आपली सुतळीची बाज घेऊन. पलंगावर पाठ बुडते म्हणायचे. हॉलमध्ये सोफ्याशेजारी ती बाज मला लाजिरवाणी वाटायची, आणि हे मी वंदनाजवळ बोललोही होतो. ते आले तेव्हा रेवाचे राग अगदी भरात होते. पोळी मोडून वाढली, की राग. लाइटचं बटण तिच्याआधी कोणी दाबलं, की राग. फरशीवर पालथी पडून, टाचा आपटत, श्वास अडकेपर्यंत ओरडायची. माझी नोकरी वीज प्रकल्पातली, पाळ्यांची. रात्री काम आणि दिवसा झोप. त्या झोपेतून मी उठायचो तो चिडलेलाच. आधी दरडावायचो, मग मोबाइल हातात द्यायचो, तोही फेकला की खोलीत कोंडायचो. एकदा हात उचलला. एकदाच, असं लिहायचा मोह होतो. पण एकदाच नाही.

मामाजी काय करायचे, तर कानातलं ऐकायचं मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग बाजेच्या पायथ्याशी खाली बसून दोरी सोडायचे आणि पुन्हा ताणायला घ्यायचे. बाजेची दोरी वापराने सैल पडते, ती पायथ्याकडून ओढून घ्यावी लागते. पण रोज नाही. रेवा शेजारी थयथयाट करत असायची आणि हे तिच्याकडे न बघता, तिथून न उठता, वेढा वेढा ओढत असायचे. मी एकदा वैतागून विचारलं, की तुम्हाला राग कसा येत नाही? ते हसले. "जवाईबापू, मले ऐकू येत नाई म्हणून मी बसून रायतो. तुमाले ऐकू येते म्हणून तुमी उठता." मग आवाज खाली आणून म्हणाले, की कान धड होते तेव्हा मीही उठायचो, दुकानातला लोखंडी गज घेऊन उठायचो, वंदीला विचारून बघा. मी वंदनाला कधी विचारलं नाही.

रेवाचा आवाज बसायला लागला, की तिचे आबाजी दोरीचं टोक तिच्यापुढे सरकवायचे. "धर. सोडू नको, नाई तं मी पडतो." ती हुंदके देत धरायची. शेवटी तिला बाजेवर उभं करून विचारायचे, झाली का कडक? ती उड्या मारून बघायची आणि मुद्दाम नाही म्हणायची. हे दर वेळी जमायचं असं मात्र नाही. एकदा ती त्यांना कडकडून चावली आणि त्यांनी पाण्याचा गडवा भिंतीवर फेकला.

आता मारबतीच्या सकाळबद्दल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत काढतात. पहाटे पळसाच्या फांद्या घरभर फिरवायच्या, घरातली ईडापीडा त्यांच्यासोबत गावाबाहेर टाकायची आणि जे जे जायला हवं त्याचं नाव घेऊन ओरडायचं. खोकला घेऊन जा गे मारबत. मच्छर घेऊन जा गे मारबत. मागच्या वर्षी मी पाळीवरून आलो तर आमच्या गल्लीत हीच गडबड चालू होती, आणि घरात रेवा लाकडी नंदीच्या निखळलेल्या चाकासाठी रडून रडून लाल झाली होती. मी फांदी घेऊन बाहेर आलो आणि सगळ्यांच्या सुरात ओरडलो, "या रेवीले बी घेऊन जा गे मारबत!" गल्ली हसली. मीही हसलो. वळलो तर रेवा फाटकात उभी होती, नंदी पोटाशी धरून. रडणं थांबलं होतं.

मामाजींच्या कानात त्या दिवशी मशीन होतं. दुपारी ते माझ्या उशाशी येऊन बसले. म्हणाले, तिला सांगा, चुकीनं निघालं म्हणून. मी म्हटलं, लेकरू आहे, विसरून जाईल. "लेकरू नाई विसरत. तुमी विसरान." पुढे आणखी एक-दोनदा त्यांनी विषय काढला. मी हो म्हणायचो आणि कूस बदलायचो. लेकराची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं. माझी कोणी मागितली नव्हती...

यंदाच्या मारबतीला रेवा फांद्यांच्या मागे रस्त्यावर धावत सुटली. ट्रॅक्टर येत होता म्हणून मामाजींनी तिचा दंड घट्ट धरला. ती हिसके देत राहिली, सुटता येईना, तेव्हा जीव खाऊन ओरडली, "आबाजीले घेऊन जा गे मारबत!" मामाजी हसले. पण ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीवर ते तसेच हसायचे. मशीन कानात होतं की खिशात, ते मी पाहिलं नाही. आजही ते आठवायचा प्रयत्न करतो आणि पाळीवर हातातलं काम चुकतं. पुढच्या काही आठवड्यांत ते गेले.

तेरवी झाली. बाज कोणाला तरी देऊन टाका, असं मेहुणा म्हणाला. वंदना नाही म्हणाली. एका सुट्टीच्या दुपारी झाडण्यासाठी म्हणून मी ती एका टोकाने उचलून व्हरांड्याकडे ओढू लागलो आणि रेवा किंचाळली. इतक्या दिवसांची सगळी ताकद लावून. धावत येऊन बाजेवर पालथी पडली, टाचा आपटू लागली, मला लाथ बसली. मला काय वाटलं ते लिहितो. मला बरं वाटलं. तरी तिला दरडावायला पाय सवयीने पुढे गेलेच होते. मी बाज खाली ठेवली आणि पायथ्याशी बसलो. खिशात ठेवायला माझ्याकडे मशीन नव्हतं. सगळं ऐकू येत होतं. काहीतरी हातात हवं म्हणून मी गाठ सोडायला घेतली, ती सुटेना. ओरडण्याच्या मध्येच ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं मारबतले."

"मीही म्हटलं होतं," मी म्हणालो. "मागच्या पोळ्याला. तुझं नाव घेतलं होतं. आठवते?"

"आठवते."

किती सहज म्हणाली ती. वर्षभर आठवत होतं तिला.

"मग नेलं का तुला मारबतीनं?"

ती विचारात पडली. "नाही."

"मच्छर तरी नेले का?"

तिने दंडावरची गांधी पाहिली. नाही नेले. मी सांगितलं, की मारबत कोणालाच नेत नाही. आबाजी म्हातारे झाले होते, त्यांचं हृदय थकलं होतं. तू रागात बोललीस. मीही रागात बोललो होतो, आणि मी तर मोठा होतो. मी चुकलो. आबाजींनी मला तेव्हाच तुला हे सांगायला सांगितलं होतं.

"मग काऊन नाही सांगितलं?"

"लाज वाटत होती."

ती बराच वेळ हुंदके देत माझे हात बघत राहिली. मग खाली उतरली. "असं नाही. आबाजी खालून घेत होते," म्हणाली आणि दोरीचं टोक धरून बसली. आम्ही ओढत गेलो. झाल्यावर वर चढून तिने उड्या मारल्या. कडक झाली नव्हती. खरंच झाली नव्हती.

बाज हॉलमध्येच आहे. माझी गाठ टिकत नाही, दोरी पुन्हा पुन्हा सैल पडते. आज सकाळी रेवा मोज्यांवरून रडली, गाडी हॉर्न देऊन निघून गेली. मी पायथ्याशी बसलो आणि पहिला वेढा खालून घेतला.