पायातलं सूत

ओल्या चुन्याचा वास आला, की मला सोलापूरचा गुरांचा दवाखाना आठवतो. मी तेव्हा परकरी पोर, पण तोरा राजवैद्याचा. घरच्या हातमागाखाली तुटक्या सुतात झोपणारा आमचा कुत्रा सकाळी उठला तो तीन पायांवर. मी न बघताच हाड मोडल्याचं ठरवलं आणि हळद-चुन्याचा जाड लेप थापला. दुपारी तो कण्हायला लागला, तशी खांद्यावर टाकून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर खुर्चीतूनच म्हणाले, "पाय गेलाय. ठेवून जा, शिपाई गोळी घालील." मी म्हटलं, "हात तर लावून बघा की वो सायेब." "मी घोडी-बैल बघतो, गल्लीतली कुत्री नाही." शिपाई बंदूक आणायला आत गेला. मी बैलांच्या हौदावर लेप धुतला, तर पंज्याच्या वर मागाचं लाल सूत मांसात रुतलेलं. आमच्या घरी सूत दातांनीच तोडायची रीत. मी तोंड खाली घातलं. कुत्रा गुरगुरला, त्याचे दात माझ्या कानाला टेकले, पण चावला नाही. सूत तुटलं. शिपाई बाहेर येईपर्यंत कुत्रा लंगडत फाटकापार, आणि त्याच्या मागं मी. आता माझाही डॉक्टर हात न लावता औषध सांगायला लागला, की मी हळूच गुरगुरते.