पसरलेला पदर

त्या दिवशी सकाळी हे कारखान्यात गेले. दुपारी कारखान्यातून माणूस आला. संध्याकाळी मी विधवा होते.

फरीदाबादला आम्ही यांच्या नोकरीसाठी आलो होतो. नवे कारखाने निघत होते, नवी सेक्टरं वसत होती. कोल्हापूरला कुलदेवीला दरवर्षी जाणं जमेना, म्हणून यांनी अरवलीतल्या एका टेकडीवरच्या मातेला आपली मानलं. नवरात्रात डबा घेऊन, मुलांना घेऊन आम्ही ती चढायचो आणि मी देवीची ओटी भरायचे: खण, नारळ, तांदूळ. हे गेल्यावर ते थांबलं. विधवेनं ओटी भरायची नाही, तिचीही कुणी भरायची नाही, अशी आमच्या घरची रीत. ज्या देवीनं हे होऊ दिलं तिच्याकडे जावं का, हाही प्रश्न होताच. पण मुलांचा तो दिवसही जावा, हे मला मान्य नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी निघालेच.

"एकटी कुठं पोरांना घेऊन डोंगर चढतेस? आणि ओटी कोण भरणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आपली सई भरेल, आई. लेकीला चालतं."

अर्ध्या वाटेवर सईच्या चपलेचा अंगठा तुटला. वाटेवर किकरचे, म्हणजे बाभळीचे, काटे पडलेले. धाकटा रोहन तर केव्हाचा कुरकुरत होता, "आई, अभी और कितना?"

"बाबा दरवेळी म्हणायचे, बस, उस मोड के बाद," सई म्हणाली. "त्यांचा मोड कधी यायचाच नाही." आम्ही तिघंही हसलो. मग ती म्हणाली, "तू जा ना वर. तूच भर ओटी."

"मला चालत नाही."

"क्यों? देवी ओरडेल?"

परत फिरायचं नाही, एवढंच ठरलेलं होतं. मी तिला पाठीवर घ्यायला वाकले, तेवढ्यात मागून आपल्या माणसांबरोबर घागरा नेसलेली एक म्हातारी आली. काही न विचारता तिनं आपल्या ओढणीची किनार फाडली, सईची चप्पल पायाला बांधली आणि रोहनला कडेवर घेतलं.

"इतनी दूर आके कोई लौटे है? चल."

वर सईनं ओटी भरली. मी मागे उभी राहून हळूच सांगत होते, नारळाची शेंडी देवीकडे कर. बाहेर आलो तर म्हातारी पुजाऱ्याकडून प्रसादाचा नारळ आणि मूठभर धान्य घेऊन माझ्यासमोर उभी. "पल्ला पसार, बेटी."

तिच्याकडे तो नुसता प्रसाद असेल. आमच्याकडे पदर पसरून नारळ-धान्य घेणं म्हणजे ओटी होती. मी मागे सरले. "अम्मा, मेरे पति नहीं रहे।"

"मेरे भी ना रहे," ती म्हणाली. "माई ने मुझे ना छोड़ा, तुझे क्यूँ छोड़ेगी? पसार।"

इथवर मी हट्टानं चढले होते. पदर धरायला मात्र हट्ट उपयोगाचा नव्हता. मुठी सोडाव्या लागल्या. नारळ पदरात पडला आणि वर्षभरात पहिल्यांदाच मी लोकांसमोर रडले. डोळे पुसून पाया पडायला वाकले, तर ती आपल्या माणसांबरोबर पुढे निघून गेली होती. ती कोण होती याचा खल मी कधी केला नाही. मी देवीवर रुसले होते आणि देवीच्या दारात माझी ओटी भरली गेली, एवढंच मला ठाऊक आहे.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासरे जाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. मग त्यांनी आपला पदर पुढे केला. "त्यातलं थोडं मलाही घाल," म्हणाल्या.

आता सासूबाई नाहीत. मुलं आपापल्या घरी आहेत. टेकडीच्या पायथ्याशी इमारती झाल्या आहेत. नवरात्रात मी सावकाश वर जाते आणि देवीची ओटी भरते.