नियोजित पुलाचा पेंटर

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, धंद्याने पेंटर. पण भिंती रंगवणारे नव्हेत. तसं कुणी म्हटलं तर त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होतो. ते अक्षरं रंगवतात. दोरीला खडू लावून पत्र्यावर रेघा झटकायच्या, मनगटाखाली काठी धरायची आणि श्वास रोखून एका दमात काना ओढायचा, ही त्यांची पद्धत. त्यांच्या अक्षरातली बिलाची पाटी पाहूनसुद्धा बिल भरावंसं वाटेल. गर्व म्हणाल तर त्याच एका गोष्टीचा. टर्पेंटाइनचा वास घरभर असतो आणि ताई त्यावरून त्यांना रोज बोलायची, तेव्हा ते फक्त "हूं" म्हणायचे.

सरकारी खात्याच्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. नदीकाठी "नियोजित पूल", आमच्या घरांमागे जिथे शेळ्या चरतात तिथे "नियोजित वीज उपकेंद्र", माळावर "नियोजित मालधक्का". मोठा साहेब बदलला की पाटी नवी. कधी पार्श्वभूमी हिरवी, कधी निळी. पूल मात्र होता तिथेच, म्हणजे पाटीवर.

मी त्याच मार्गावर बसचा कंडक्टर. नदीकाठच्या थांब्याला पूर्वी "नियोजित पूल" म्हणत. बोलता बोलता पूल गळाला आणि नुसतं "नियोजित" उरलं. लोक तिकीट मागतात, "एक नियोजित द्या." शाळेतल्या एका पोराने परीक्षेत लिहिलं, नियोजित म्हणजे नदीचा काठ, आणि बाईंनी पूर्ण गुण दिले. बाई इथल्याच ना! एकदा बाहेरगावच्या पाहुण्यांनी "आमची नियोजित सून" अशी कुणाची तरी ओळख करून दिली, तर आमची मंडळी खो खो हसत सुटली. एक म्हातारा कळवळून म्हणाला, "अरेरे, म्हणजे हे लग्न काही होत नाही."

हसायचो आम्ही. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

भाऊजी मात्र कधी हसले नाहीत, कारण त्यांचा पुलावर विश्वास होता. स्वतःच्या हाताने इतकं सुंदर लिहिलेलं खोटं कसं असेल, असा साधा हिशेब. मागे शहरात मोठी परिषद भरली होती, "राज्याच्या ऊर्जा आणि दळणवळणाच्या गरजा". तिचा कापडी फलक यांनीच रंगवला आणि तो बांधायला स्वतः गेले. सभागृहात अशी गारठ्याची हवा की वक्ते कोट घालून बोलत होते, आणि मागच्या अंगणात जनरेटर धडधडत होते. कुणीतरी भिंतीवर राज्याचा नकाशा दाखवला. भाऊजी परत आले ते फुलून.

"नकाशात आपला पूल आहे," ते ताईला म्हणाले. "निळ्या रेघेने काढलाय."

"मग आता त्या रेघेवरूनच दवाखान्यात न्या मला," ताई म्हणाली.

ताईची फुप्फुसं कमजोर झाली होती. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र असायचं, विजेवर चालणारं, आणि वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर. दवाखाना नदीच्या बरोबर समोर, इतका समोर की त्याच्या खिडक्या मोजता येतात. एरवी लाँचने पलीकडे जायचं. लाँच नसली तर वरच्या रस्त्याने, डोंगराला वळसा घालून, अर्धा दिवस धक्के खात.

त्या दिवशी सकाळीच वीज गेली. भाऊजींनी नळी सिलिंडरला जोडली आणि आम्ही वाट बघत बसलो. दुपारपर्यंत वीज नाही. मी घरीच होतो, कारण बस बंद. बस बंद, कारण डिझेल नाही. लाँचही त्याचसाठी धक्क्याला बांधलेली. मी पंपावर धावलो, तर पंपवाला म्हणतो, "टाकी भरलेली आहे हो, पण वर खेचायला वीज कुठंय?"

"आणि वीज का नाही?"

"तार तुटलीय. जोडणाऱ्यांची गाडी अडकलीय तिकडे."

"का अडकलीय?"

त्याने माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. "डिझेल संपलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डिझेलअभावी वीज नाही आणि विजेअभावी डिझेल नाही, आणि या दोन्हींच्या मधे माझी बहीण श्वासाला मोताद. पंपाचा जनरेटर? तोही नियोजित!

घरी आलो तेव्हा सिलिंडरचा काटा लालकडे झुकला होता. भाऊजी फोनवर होते. ॲम्ब्युलन्सची सगळी सूत्रं लांब शहरात बसलेल्या कुठल्याशा मुलीच्या हातात.

"कुठे यायचं?" तिने विचारलं.

"पुलापाशी या," भाऊजी म्हणाले. आम्ही सगळे असंच म्हणतो. तिथे दुसरं आहे काय सांगण्यासारखं?

"कोणता पूल?"

"नियोजित."

तिच्या समोरच्या नकाशात तो होता. "हो, दिसला," ती म्हणाली, "सर्वांत जवळची गाडी पाठवते."

आम्ही ताईला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून काठावर आणली. सिलिंडर शेजारच्या काकांनी धरला होता. पाटीच्या सावलीत खुर्ची ठेवली, कारण सावली असलेली तेवढीच जागा. थोड्याच वेळात सायरन ऐकू आला. भाऊजी म्हणाले, "आली, आली!"

आली खरी. पलीकडच्या काठाला.

समोर ती पांढरी गाडी येऊन थांबली, वर दिवा फिरत होता. ड्रायव्हर उतरला, कमरेवर हात ठेवून पूल शोधू लागला. आम्ही हात हलवले, त्यानेही हलवले. कुणीतरी दोर सोडून लाँच वल्हवायला धावलं, पण असली जड लाँच कुठे वल्ह्यांनी हलते? ड्रायव्हरने फोन केला, "वळसा घालून येतो, धीर धरा."

ताईने मान वर करून पाटीकडे पाहिलं. श्वास तोडत म्हणाली, "अहो, अक्षर फार छान काढता तुम्ही. म्हणून तर सगळ्यांना खरं वाटतं."

भाऊजींनी "हूं" केलं नाही. वळसा घालून गाडी पोचली तेव्हा ताई गेली होती. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे गरज काही सरत नाही, माणसंच सरतात.

दिवसकार्य झालं न झालं तोच खात्याचा निरोप आला. नवे साहेब पाहणीला येणार, पाटी रंगवून ठेवा. निरोप आणणाऱ्याला लाज नावाची चीज नव्हती. वर म्हणतो, "साहेब म्हणाले, अक्षर तेच पाहिजे हं."

भाऊजी डबे घेऊन गेले. मला वाटलं, या माणसाने आता नकार द्यायला हवा होता. मनातून मी त्यांनाही शिव्या दिल्या. दुपारच्या फेरीला बस थांब्यावर आली आणि ड्रायव्हरने स्वतःहून इंजिन बंद केलं. पाटीवर, त्याच वळणदार अक्षरात, लिहिलं होतं:

"येथे पूल नाही."

आणि खाली बारीक: "ॲम्ब्युलन्सने वरच्या रस्त्याने यावे."

प्रवासी एकेक करून खाली उतरले आणि नुसते बघत उभे राहिले. मी परतीच्या फेरीला येतो तो खात्याची जीप हजर. बघा! ताईसाठी जे काही यायला हवं होतं त्यातलं एकही धड आलं नाही, आणि एका खऱ्या वाक्यासाठी जीप धावत आली. डिझेल मिळालं, रस्ता मिळाला, माणसं मिळाली. एक कारकून पाटी उपटवत होता आणि दुसरा भाऊजींना दरडावत होता, "जनतेची दिशाभूल करता? पूल नियोजित आहे!" भाऊजी ब्रश पुसत राहिले. त्यांचं काम कायमचं बंद झालं. तिथे आता छापील फ्लेक्स आहे, त्यावर पुलाचं रंगीत चित्र, पुलावर मोटारीसुद्धा धावताहेत. थू!

पण थांब्याचं नाव माझ्या तोंडात आहे, खात्याच्या नाही. त्या दिवसापासून मी घसा फोडून ओरडतो, "पूल नाही! चला, पूल नाहीवाले उतरा!" आधी लोक हसले. मग तिकीटही तसंच मागू लागले, "एक पूल नाही द्या."

परवा शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. काकूंनी फोन लावला. मी तिथेच होतो. "पूल नाही, तिथे या," त्या रडत रडत सांगत होत्या. फोनवरची मुलगी गोंधळली, दोनदा विचारलं, "पूल नाही? नक्की नाही?" आणि मग समजली, गाडी थेट वरच्या रस्त्यानेच पाठवायची.

सायरन ऐकून भाऊजी घराच्या पायरीवर येऊन उभे राहिले. गाडी काकांना घेऊन निघाली तसा मी त्यांच्याकडे गेलो.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"आली."

"कुठल्या काठाला?"

"ह्याच."

त्यांनी एकदा पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.