बनुबाईची कोरडी पानं

फितुरी कशाला म्हणायचं, हे छातीवर हात ठेवून सांगाल? मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण मोर्चे काढलेत. शेठ-सावकारांना रस्त्यात उभं केलंय. तरी बनुबाईला युनियनमधून काढावं की ठेवावं, इथं माझी मती गुंग झालीय.

बनुबाई आमच्या नगरच्या विडी कारखान्यात विड्या वळते. रीत अशी, की संध्याकाळी बायांना विडीची टेंभुर्णीची पानं मिळतात. त्या घरी भिजवतात, सकाळी कापून आणतात, मग तंबाखू मिळते. भिजलेलं पान कुणासाठी थांबत नाही. लढाईपायी रेल्वेचे डबे लष्कराकडं गेलेत. निपाणीची तंबाखू कधी उतरेल ते स्टेशनमास्तरही सांगेना. शेठ मात्र "उद्या नक्की" म्हणत रोज पानं वाटायचा. बाया भिजवायच्या, पानं बुरशीनं नासायची.

बनुबाई भिजवायचीच नाही. "तंबाखूचा वास आल्याबिगर मी पानाला पानी दाखवत न्हाई."

"शेठाच्या जबानीपरीस हिला नाकाचाच भरोसा!" शेजारीण रंगुबाई म्हणायची.

शेठ म्हणाला, नासाडी मजुरीतून कापणार. युनियनचा पुढारी म्हणून मी ठणकावलं, मग एकही विडी वळायची नाही! संप सुरू झाला. पुढं तंबाखू आली, ती पडून राहिली. दुकानदार दुसऱ्याच्या विड्या ठेवू लागले. शेठनं निरोप धाडला, बाजाराला माल गेला नाही तर कारखान्याला कुलूप.

त्याच संध्याकाळी बनुबाईनं साठलेली कोरडी पानं रंगुबाईच्या ओट्यावर ओतली अन् बायांना वाटून टाकली. मी भडकलो.

"बनुबाई, संप मोडलास तू!"

"मग काय कुलपासंगं संप करता, दादा?"

रंगुबाई पदराआड हसली. माझं डोकं आणखीच फिरलं.

सकाळी विड्या वळल्या, माल गेला, कारखाना तगला. आता तंबाखू गोदामात उतरल्याशिवाय शेठ पान वाटत नाही. नासाडी थांबली, माल वेळेवर जातो, गिऱ्हाईक परतलं. पण जुन्या नासाडीची मजुरी त्यानं कापलीच. संप चालला असता तर कापली असती का? की कापायला कारखानाच उरला नसता? आम्ही जिंकलो की हरलो? मला ठरवता येईना, अन् हे मला चारचौघांत म्हणवतही नाही.

तिला काढायचा ठराव रविवारी आहे, मांडणारा मीच. विडी ओढत असा नसा, सभेला या, अन् तुमचं मत माझ्या कानात नको, बनुबाईच्या तोंडावर सांगा.