पंचाहत्तरचं नव्वद आणि एकनाथभाऊंचं सील

एकनाथभाऊ लग्नाला गेले की आधी मांडवामागे जात. आचाऱ्याच्या सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येत नाही ना ते बघायचं, आणि मगच हात धुऊन मंगलाष्टकांना उभं राहायचं. एस.टी.त बसले की पहिल्या दोन थांब्यांपर्यंत ते कोणाशी बोलत नसत, ब्रेकचा आवाज ऐकत असत. घराला कुलूप लावल्यावरही फाटकापासून परत येऊन ओढून पाहत. वत्सलाकाकू म्हणत, "लग्नाला एकतीस वर्सं झाली. मला पण एकदा वढून बगा, हाय का सुटली."

यात स्वभावाचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. बहात्तर सालापासून सव्वीस वर्षं त्यांनी तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता. बॉयलर सांभाळणारा, कारखान्याच्या भाषेत अटेंडंट, म्हणजे ज्याच्या संशयाच्या भरवशावर दोनशे माणसं निवांत डबा खातात असा माणूस. दर तासाला दाब बघायचा, पाणी बघायचं, वहीत लिहायचं. काटा लाल रेघेला शिवता कामा नये. सेफ्टी व्हॉल्व्हच्या शिशाच्या सीलला तपासनिसाशिवाय कोणी हात लावता कामा नये. वहीच्या शेवटच्या रकान्यात 'शेरा' असे, आणि त्यात सव्वीस वर्षं त्यांनी एकच शब्द लिहिला होता: ठीक.

अठ्ठ्याण्णव साली निवृत्त होऊन ते पाम गावातल्या घरी बसले, आणि एवढा मोठा संशय एकाएकी बिनकामाचा झाला. त्याला काम दिलं मंजुळेच्या कॉम्प्युटरने.

मंजुळा त्यांची मुलगी. बोईसरला नवापूर नाक्याजवळच्या गाळ्यात ती लग्नपत्रिका, अर्ज, पावतीपुस्तकं जुळवून देई. तिच्याकडे एकच कॉम्प्युटर, तोही एका ऑफिसने मोडीत काढलेला. पेंटियम, वेग पंचाहत्तर मेगाहर्ट्झ. पुढच्या चौकातल्या नव्या दुकानात तेव्हा दोनशेचा आला होता. अशात तिला केळव्याच्या एका वाचनालयाची स्मरणिका मिळाली. देणगीदारांचे चौऱ्याऐंशी फोटो होते आणि आपला फोटो लहान चालेल असं म्हणणारा त्यांत एकही नव्हता. एका फोटोचं एक पान पडद्यावर उमटेपर्यंत अख्खा वडापाव खाऊन होई. वाचनालयाचे चिटणीस अण्णा सांगून गेले होते, "शनिवारी दुपारपर्यंत पानं आली तर आली. नाहीतर काम मुंबईला. मग पुढच्या वेळी तुझं नाव मी तरी कोणत्या तोंडाने सुचवू?"

तो सोमवार होता. शेजारच्या गाळ्यात टीव्ही दुरुस्त करणारा रामकिसन म्हणाला, "बहनजी, इसको थोड़ा तेज़ कर देते हैं. पचहत्तर का नब्बे."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या एकनाथभाऊंनी पेपर खाली ठेवला.

"पाटीवर पंचाहत्तर लिवलंय ना? पाटी काय शोभेला लावतात?"

"काका, सब एक ही भट्ठी से निकलते हैं. कंपनी संभालके नंबर लिखती है."

बॉयलरचीही चाचणी चालवायच्या दाबाच्या दीडपटीवर होते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण संशय काही एका पायावर उभा नसतो.

"घेणार किती?"

"कुछ नहीं, काका. पड़ोसी हैं."

हे तर फारच वाईट झालं. फुकट काम करणारा माणूस त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. मशीन जाळायचं आणि मग स्वतःकडचं गळ्यात मारायचं, दुसरं काय? त्यांनी अट घातली. "आधी वर नेऊन दाखव, कुठं फुटतं ते. मग खाली आण. आणि वही मी ठेवणार."

मंगळवारी रामकिसनने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतल्या हिरव्या पाटीवर नखाएवढी काळी टोपी होती. चिमट्याने ती दोन काट्यांवरून काढून शेजारच्या दोन काट्यांवर बसवली. एकनाथभाऊ पुढच्या कामाची वाट बघत राहिले. पुढचं काम नव्हतंच. वेग शंभर झाला, आणि चाळीस मिनिटांनी पडदा गोठला. एकनाथभाऊंना फार बरं वाटलं. यंत्र कुठे दम सोडतं ते कळलं की माणूस निम्मा निश्चिंत होतो. मग टोपी एक घर मागे आली, नव्वदवर. चिपवर रामकिसनने एक छोटा पंखाही बसवला.

कॉम्प्युटर चालू लागला. चमत्कार म्हणावा असं काही झालं नाही. फक्त पान उमटलं तेव्हा मंजुळेच्या हातात वडापावचा शेवटचा घास शिल्लक होता. पण चौऱ्याऐंशी फोटोंचे चौऱ्याऐंशी घास होतात.

एकनाथभाऊंनी जुन्या वहीत रकाने आखले. दर तासाला डब्यावर तळवा ठेवून ते लिहीत: कोमट. बुधवार, गुरुवार, दोन्ही दिवस कोमट. वत्सलाकाकू जेवण घेऊन आल्या, त्यांनी हे पाहिलं. "माज्या गुडघ्याला कदी लावलाव असा हात?"

गुरुवारी संध्याकाळी एकनाथभाऊ चहा पिऊन परत आले तर रामकिसन मंजुळेच्या गाळ्यातून बाहेर पडत होता. खिशात स्क्रू ड्रायव्हर.

"पाणी प्यायला आला होता," मंजुळा म्हणाली.

"पाणी प्यायला स्क्रू ड्रायव्हर लागतो?"

शुक्रवारी सकाळी दहाला ते डिंकाची बाटली आणि खाकी कागदाच्या पट्ट्या घेऊन हजर. जिथे जिथे फट दिसली तिथे पट्टी चिकटवून त्यांनी तारखेसह सही ठोकली.

"बाबा, हे काय, अबकारी खातं हाय का?"

"असू दे, बाय. हात लागला तर कळंल."

अकराला वहीत लिहिलं, कोमट. बाराला, ऊन. एकला, गरम. दोनला त्यांनी तळवा ठेवला आणि उचलला. त्यांनी 'चटका' लिहिलं आणि मंजुळेला थांबवणार, तोवर पडदा गोठला. दोन पानं गेली.

"मी सांगितलं होतं," एकनाथभाऊ म्हणाले. हे वाक्य म्हणायला मिळालं की माणसाचं वय पाच वर्षांनी उतरतं.

रामकिसन आला, मान खाली घालून. "वापस पचहत्तर कर देता हूँ, काका." पंचाहत्तरवर उरलेली एकोणीस पानं उद्या दुपारपर्यंत होणार नव्हती, हे तिघांनाही कळत होतं. मंजुळेने अण्णांना कळवायला फोन उचलला.

एकनाथभाऊंनी वही पुढे ओढली. शेऱ्याच्या रकान्यात 'कारण: रामकिसन' लिहायला पेन टेकवलं. पण कारण लिहिण्याआधी मागचे तास वाचायचे, ही सव्वीस वर्षांची खोड. बुधवार कोमट. गुरुवार कोमट. वेग तोच, खोली तीच. आग वाढवलेली नसताना बॉयलर एकाएकी तापला, तर माणूस आगीकडे बघत नाही. धुराड्याकडे बघतो.

ते उठून यंत्राच्या मागे गेले. मागच्या जाळीवर तीन खाकी पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर तारीख आणि ठसठशीत सही, ए. रा. पाटील. त्यांनी एक पट्टी ओढली, तर तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली.

कोणी बघत नव्हतं. रामकिसन स्क्रू ड्रायव्हर शोधत होता, मंजुळा नंबर फिरवत होती. तिन्ही पट्ट्या मुठीत चुरगळून खिशात घालता आल्या असत्या. पण सील तोडलं की वहीत लिहावं लागतं.

"फोन ठेव, बाय," ते म्हणाले. "धुराडं मीच बुजवलं."

त्यांनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या. रामकिसनने त्या पाहिल्या आणि तो हसला नाही. हे एकनाथभाऊंना जरा संशयास्पदच वाटलं.

चारपर्यंत यंत्र निवलं, आणि मंजुळा परत नव्वदवर बसली. शनिवारी साडेअकराला शेवटचं पान निघालं. एकनाथभाऊंनी पानं तीनदा मोजून पिशवीत घातली. केळव्याला ती स्वतःच नेणार होते. निघण्याआधी शेऱ्याचा रकाना भरला: यंत्र ठीक. अटेंडंटची चूक. खाली सही.

रामकिसनने तिघांसाठी चहा मागवला आणि पैसेही दिले. एकनाथभाऊंनी पेला हातात धरला, पण आधी रामकिसनला दोन घोट पिऊ दिलं.