डॉक्टर टॅरंटांच्या नावातलं ‘एच’

अमेरिकेतल्या कॉर्डर्स मिल गावातले जनावरांचे पहिले काळे डॉक्टर म्हणजे एच. एल. टॅरंट. ते जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. हमरस्त्याच्या कडेला त्यांच्या नावाची लोखंडी पाटी उभी करायचं ठरलं. आणि ती पाटी अडली त्यांच्या बायकोच्या, ओझेलाच्या, जिभेवर.

सरकारी कचेरीचं म्हणणं, नुसत्या आद्याक्षरांवर पाटी ओतत नाही, पूर्ण नाव द्या. पूर्ण नाव अख्ख्या अलाबामात एकट्या ओझेलाला ठाऊक.

चर्चचे कारभारी, डीकन क्रंप, तणतणत तिच्या व्हरांड्यात आले.

“सिस्टर ओझेला,” चर्चमधल्या बायकांना म्हणतात तसं ते म्हणाले, “सांगून टाका बघू. एच म्हणजे होरेस?”

“थंडगार चहा घ्या, डीकन.”

“मग हर्क्युलिस?”

“तो तुमचा बोकड होता. ह्यांनीच खच्ची केलेला.”

“अहो, ह्या पाटीचे पैसे उभे करायला मासे तळून तळून विकताना चर्चच्या बायकांचे हात पोळलेत! तुमच्या हट्टापायी सगळं पाण्यात जाणार.”

 पाटी ओझेलालाही हवीच होती. पोरंबाळं नाहीत, डॉक्टरांचा दवाखाना पाडून तिथे पेट्रोल पंप झालेला. ते इथे होते हे सांगायला गावात दुसरं काही उरलं नव्हतं.

पण नाव द्यायचं कसं? तेव्हाचे गोरे लोक काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणत नसत. सत्तरीचा म्हातारा असला तरी पहिल्या नावाने हाक, नाहीतर सरळ ‘ए पोरा’. म्हणून शहाण्या आया पोरांची नावं घरात ठेवत आणि बाहेर नुसती अक्षरं पाठवत. डॉक्टरांची आई तर फारच शहाणी.

एकदा गोऱ्या बक हॅडलीची गाय अडली. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. तेवढ्यात हॅडली विचारतो, “ए पोरा, नाव काय तुझं?”

“डॉक्टर टॅरंट.”

“ते नव्हे. आईने काय ठेवलं?”

डॉक्टर थांबले. “माझा हात कुठे आहे ते बघा. आता हा एकटाच बाहेर काढू, की वासरू घेऊन?”

“वासरू घेऊन... डॉक्टर.”

संतबिंत नव्हते हो ते. खेचरांना अशा शिव्या द्यायचे की खेचरंच लाजावीत. गोठ्यातून थेट चर्चमध्ये यायचे, वासाने अख्खा बाक रिकामा व्हायचा, आणि मग ऐसपैस पाय पसरून प्रवचनभर घोरायचे. कुत्र्याचं औषध ओझेलाच्या चांगल्या पातेल्यात उकळायचे, तेवढ्यापुरतं मात्र ती त्यांचं पहिलं नाव घ्यायची. पूर्ण, आणि ठणकावून.

शेवटी चर्चच्या तळघरात बैठक भरली. कचेरीची तरुण बाई आली होती, गोड बोलणारी. “मिसेस टॅरंट, नियमच आहे. मी तरी काय करू?”

ओझेला उठली. “बाई, जे नाव हॅडलीला गाय मरायला टेकली असतानाही मिळालं नाही, ते त्याच्या नातवंडांनी रस्त्यावर उभं राहून फुकट वाचायचं? नाव मिळणार नाही. त्यावाचून पाटी होत नसेल तर राहू दे.”

डीकनांनी कपाळाला हात लावला.

मग मागून आर. सी. बिग्ज उठला, जन्मभर सुतारकाम केलेला. “माझी बायकोसुद्धा मला आर. सी.च म्हणते. मेल्यावर दगडावर तेवढंच कोरायचं.”

“माझ्या भावाचंही तसंच,” एक म्हातारी म्हणाली. “नुसतं व्ही. टी.; पूर्ण नाव आम्ही कधी विचारलंच नाही.”

“आणि माझे वडील ओ. डी.,” क्रंप पुटपुटले आणि स्वतःच दचकले.

तरुण बाईने सगळ्यांकडे बघितलं. मग बाहेर जाऊन कचेरीला फोन लावला. बराच वेळ तिचा चढलेला आवाज येत होता; गोडवा कुठल्या कुठे गेला होता. परत येऊन म्हणाली, “अक्षरंच ओतायची. आणि खाली एक ओळ घालायची, की हेच त्यांचं नाव.”

“मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो,” डीकन म्हणाले.

“हो तर,” ओझेला म्हणाली.

मार्चमध्ये पाटी उभी राहिली. ओझेलाने दोन्ही अक्षरं बोटांनी चाचपून बघितली, लोखंडावर दोन थापट्या मारल्या आणि मागे वळली.

“उन्हात उभं राहायचं काम आता ह्यांचं. मला कुणीतरी सावलीत न्या.”