भिंतीवर टांगलेला कॅन

गोटीरामच्या एका अंगावरून वारं गेलं, तेव्हा मखमलाबादच्या मळ्यात झेंडू ऐन भरात होता. तोडायला माणूस नव्हता, फुलं झाडावरच वाळली. पुढे त्याच्या बायकोने, सखुबाईने, सकाळी बाजारात भाजी विकली आणि उरलेला दिवस नवऱ्याचं सगळं अंथरुणातच केलं. लघवीसाठी तिने तेलाचा रिकामा कॅन तिरपा कापला. कड टोचू नये म्हणून दाभणाने तिला जुन्या लुगड्याची पट्टी शिवली. तो कॅन पुढे केला की गोटीराम डोळे मिटून घ्यायचा.

लेक छाया चित्रकलेच्या कॉलेजात होती. शेवटच्या वर्षी तिने घरातल्याच वस्तू काढल्या: पोचे आलेलं पातेलं, कान तुटलेला कप, झिजलेला खराटा. प्रदर्शन लागलं, तशी ती आईला हट्टाने घेऊन गेली.

आपलं घर एवढं मोठं होऊन भिंतीवर आलेलं पाहून सखुबाई हरखली. मग एका चौकटीपाशी तिचे पाय थबकले. तोच कॅन होता. पट्टीचा टाका न् टाका काढलेला.

शेजारी दोन बायका उभ्या होत्या. "कुंडी बघ कशी केलीये," एक म्हणाली. "आपण टाकून देतो, आणि ही माणसं किती कलेने वापरतात!"

"कुंडी नाय ती, बाई," सखुबाई म्हणाली. "आमचे मालक मुतत्यात त्यात."

बायका पुढच्या चित्राकडे सरकल्या.

येताना रिक्षात सखुबाईने विचारलं, "आबांना इचारलं व्हतंस का?"

"आई, त्यात लाज कसली? तू किती करतेस, ते दिसावं म्हणून काढलं."

"माझं दिसलं न दिसलं, काय फरक पडतो? त्यांचं उघडं पडलं ना."

चित्र एका डॉक्टरांनी विकत घेतलं. पेपरात छायाचा फोटो आला, मागे तेच चित्र. शेजारचा फकिरा कौतुकाने पेपर घेऊन आला आणि गोटीरामच्या डोळ्यांपुढे धरला. गोटीराम बघत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दिवसापासून तो पाणी पिईना. वाटी ओठाला लावली की दात आवळायचा.

"प्या ना हो, केवढं ऊन हाय," सखुबाई गयावया करायची.

एकदा जड जिभेने तो एवढंच बोलला, "मागायला नको."

छाया पायाशी बसून रडली. त्याने चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला, पण पाणी घेतलं नाही. दवाखान्यात लावलेल्या नळ्याही त्याने उपटल्या. चैत्र सरता सरता तो गेला. किडन्या गेल्या, असं भावकीत सांगितलं.

दिवस झाल्यावर छाया डॉक्टरांच्या बंगल्यावर चित्र परत मागायला गेली. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. तिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मग तर ते आम्ही जपूनच ठेवू गं."

घरी येऊन छायाने हे सांगितलं. सखुबाई मेथी निवडत होती. "जेवून घे," एवढंच ती म्हणाली.

छाया आता कळवणच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, सणावारालाच घरी येते. सखुबाई अजून बाजारात बसते. लेक काय करते, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणते, "मास्तरीण हाय." काय शिकवते, ते सांगत नाही.